कुठलाही चालेल

यझ्द, ७ मेहर १३८१

चि. ईरज जान यास,
अ. आ. थकवा न येवो.

परवा तुझा आवाज ऐकून बरं वाटलं, पण फोनवर आपलं बोलणं काही होत नाही. अर्धा वेळ तू कसा, पूरान कशी, मुलं कशी यात जातो आणि उरलेल्या अर्ध्यात मामान माझ्या हातून रिसीव्हर ओढून घेते. शिवाय ती शेजारी बसलेली असताना तिच्याबद्दल काय सांगणार? म्हणून हे पत्र.

तिच्या खुब्याचं हाड जुळलं असं डॉक्टर म्हणतात. मामानचं म्हणणं, डॉक्टरचा खुबा मोडलेला नाही, त्याला काय कळतंय. भिंत धरून स्वयंपाकघरापर्यंत जाते आणि तिथे पोचली की परत यायला मला हाका मारते. मागच्या आठवड्यात मी नान आणायला कोपऱ्यावर गेले होते. परत येऊन बघते तर ही अंगणातल्या हौदाच्या कठड्यावर बसलेली. मासे उपाशी होते म्हणे. तेव्हापासून तिला एकटीला टाकून मी कुठे जात नाही. शेजारची बदरी येऊन बसली तरच.

टायपिंगच्या दुकानाचं असं झालं. खानुम दानिश, माझ्या मालकीणबाई, घरी येऊन गेल्या. मामानशी गप्पा मारल्या, खरबूज खाल्लं, आणि निघताना दारात म्हणाल्या की तूबा खानुम, विद्यापीठाचे प्रबंध चार महिन्यांनी, बहमनमध्ये, येऊ लागतात, तोवर तुमच्या घरी स्वतःचा कॉम्प्युटर आला तर निम्मं काम मी तुमच्याकडे पाठवीन. नाही आला तर मला दुसरी कुणी बघावी लागेल. राग मानू नका म्हणाल्या. मी कसला राग मानणार! बाईंनी उन्हाळाभर माझी खुर्ची कुणाला दिली नाही, हेच खूप.

तयार कॉम्प्युटर घेणं आपल्याला झेपणारं नाही. तेव्हा सुटे भाग जमवून मीच जोडायचं ठरवलं आहे. हसू नको. गणिताची पदवी इतकी वर्षं नुसती भिंतीवर टांगलेली होती. मदरबोर्ड, म्हणजे बाकी सगळे भाग ज्यावर बसतात ती पाटी, मी इथूनच घेतली आणि तिची इंग्रजी पुस्तिका शब्दकोश घेऊन वाचते आहे. तू प्रोसेसर आणि मेमरी पाठवतो म्हणालास. किश्म बेटावरून तुमच्याकडे माल येतो, हे खरं, पण मला फार संकोच होतो. तुझा संसार आहे.

या पाटीवर नव्या पद्धतीचा प्रोसेसर बसतो. तो आकाराने लहान असतो. जुना मोठा असतो. नाव मात्र दोघांचं एकच. लहान मिळाला तर बरं. पण तेवढ्यासाठी उन्हातान्हात हिंडू नको, कामावरून रजा काढू नको. जो सहज हाताला लागेल तो घे. कुठलाही चालेल.

पूरानला माझे सलाम, मुलांच्या डोळ्यांचे मुके. आहे तीच माया पुढेही राहू दे.

तुझी,
तूबा


बंदर अब्बास, २९ मेहर

ती. आबजीस,
सा. सलाम वि. वि. मामानच्या हाताचं चुंबन.

तर आता माझी थोरली बहीण इंजिनियरबाई झाली! कचेरीत मी सगळ्यांना सांगून टाकलं. आमचे साहेब म्हणाले, मग आमचा बिघडलेला छपाईयंत्राचा डबा पाठवू का यझ्दला? मी म्हटलं, पाठवा, पण रांगेत थांबावं लागेल.

इकडे कंटेनर गोदीत अडकलेत, कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातात आणि मी त्यांच्या मागे जातो. हवा आता कुठे माणसात आलीय. पूरान बरी आहे. सगळं छान आहे, तू काळजी करू नको.

प्रोसेसर पाठवतोय. हाजी दर्याई म्हणून माझ्या ओळखीचे दुकानदार आहेत, त्यांच्याकडे बसून, चहा पिऊन, नीट निवडून घेतला. त्यांच्या कपाटात दोन होते, एक चिमुकला आणि एक चांगला ऐसपैस. हाजींनी विचारलं, पाटी कोणती आहे? मी म्हटलं, माझ्या बहिणीनं लिहिलंय कुठलाही चालेल. ते म्हणाले, तुम्ही सांगाल तसं. मग मी विचार केला, आईला ही एकटी सांभाळते, आणि मी हिला लहान पाठवू? बघणारे काय म्हणतील, भावाचा हात आखडला! मोठाच घेतला. पैसे देताना हाजी आधी नको नकोच म्हणत राहिले, तुमच्यापुढे पैशाचं काय म्हणे, आणि मग घेतले.

रात्रीच्या बसचे चालक मुराद आगा पुडकं आणतील. माझ्या लोकरी बंडीत गुंडाळलंय. सोबत सुकी कोलंबी आहे. तिचा वास प्रोसेसरला लागला तर दोष माझा. कसा शोभतो ते लगेच कळव. मेमरी पुढच्या खेपेला.

तुझ्या सावलीत राहू दे.
ईरज


यझ्द, १२ आबान

चि. ईरज जान यास,
अ. आ.

तुझा हात न दुखो. पुडकं सुखरूप मिळालं. प्रोसेसर पाहून डोळे निवले. अंगठीत खडा बसावा तसा जागेवर बसला. इतका चांगला कशाला घेतलास? मुराद आगा भाडं घेईनात, म्हणून कुत्ताब मिठाईचा डबा बळेच दिला; तुझा वेगळा बांधला आहे, तो रस्त्यात उघडणार नाहीत अशी आशा. कोलंबीचा पुलाव केला. मामान दोनदा वाढून घेऊन म्हणाली की मीठ जास्त झालं. तुझी जागा रिकामी होती.

तुझी,
तूबा


यझ्द, १२ आबान

प्रिय मनीजे,
स. वि. वि.

तेहरानला तुझ्या घराला रंग लावून झाला का? मावशी म्हणत होती, तू रंगाऱ्याला दोनदा हाकललंस.

आज सकाळी ईरजला पत्र टाकलं आणि तेव्हापासून चैन नाही. त्यात मी लिहिलं की त्यानं पाठवलेला प्रोसेसर अंगठीत खडा बसावा तसा बसला. तो बसत नाही. बसणारच नाही. माझ्या पाटीवरच्या चौकटीवर तो ठेवला तर चहाच्या पेल्यावर ताटली ठेवल्यासारखा दिसतो. दोष त्याचा म्हणावा तर मी त्याला लहान हवा असं स्पष्ट लिहिलं होतं. आणि लगेच खाली कुठलाही चालेल असंही लिहिलं होतं. पहिलं वाक्य माझ्या गरजेचं होतं, दुसरं माझ्या भिडेचं. त्यानं प्रेमानं दुसरं वाचलं.

खरं का लिहिलं नाही, याचा दिवसभर विचार करते आहे. तो दुखावेल म्हणून? की त्याच्या पैशावर जगणाऱ्या बहिणीनं आकाराची चिकित्सा करू नये, असं मला आतून वाटतं म्हणून? पहिलं कारण दिसायला बरं आहे. दुसरं बहुतेक खरं आहे.

मग मी काय केलं ऐक. बदरीला मामानजवळ बसवलं, माझी नवी पाटी उचलली आणि ज्या दुकानातून आणली तिथेच बदलून, मोठ्या प्रोसेसरला चालेल अशी जुन्या पद्धतीची पाटी आणली. दुकानदारानं इतक्या आनंदानं बदलून दिली की तिथेच मला शंका यायला हवी होती. आता प्रोसेसर बसला. म्हणजे पत्रातलं खोटं उशिरा का होईना, खरं झालं, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण पुस्तिका वाचताना कळलं की या पाटीला मेमरीही जुनी लागते. ती आता क्वचित मिळते, आणि एकेकटी चालत नाही, जोडीनंच बसवावी लागते. मी हे मोठ्यानं वाचत होते, म्हणजे अर्थ लावत होते. मामाननं पांघरुणातून तोंड काढलं आणि म्हणाली, बघ, डब्यातल्या पट्ट्यांनाही जोडी लागते, माझ्या मुलीलाच तेवढी लागली नाही. मी म्हटलं, म्हणूनच तुला रात्री पाणी द्यायला कुणीतरी आहे. नंतर वाईट वाटलं. तिला वाटलं नसावं. ती हसत होती.

तुझा लोभ आहे म्हणून हे लिहिते. मावशीला, तुझ्या आईला, यातलं काही बोलू नको.

तूबा


बंदर अब्बास, ३ आझर

ती. आबजीस,
सा. सलाम वि. वि. रोजे सुखाचे जावोत.

मेमरी पाठवतोय. हिची गंमत ऐक, इफ्तारनंतर हसायला होईल.

तुझं पहिलं पत्र खिशात घालून मी हाजी दर्याईंकडे गेलो. या वेळी चूक नको म्हणून ते त्यांना वाचून दाखवलं: नव्या पद्धतीची पाटी, असं तू लिहिलं आहेस. हाजींनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, साहेब, मागच्या वेळी तुम्ही नेलात तो प्रोसेसर त्या पाटीवर बसत नाही. मी म्हटलं, बसला की! बहिणीचं पत्र आलंय, अंगठीत खडा बसावा तसा. ते म्हणाले, शक्य नाही. मी म्हटलं, हाजी, माझी बहीण गणिताची पदवीधर आहे आणि जन्मात खोटं बोललेली नाही. त्यावर त्यांनी चष्मा खाली घेतला, माझ्यासाठी आणखी एक खजूर पुढे केला आणि म्हणाले, बहीणबाई म्हणतात म्हणजे बसला असेल, आम्ही काय, नुसते दुकानदार. आणि नव्या पाटीला लागणारी मेमरी काढून दिली. बघ, तुझ्या शब्दापुढे बाजारसुद्धा गप्प बसतो!

आता डब्याच्या शोधात आहे, ज्यात हे सगळं बसतं तो. एक निळ्या दिव्यांचा पाहिलाय. अंधारात लग्नाच्या मंडपासारखा दिसतो.

पूरान सलाम सांगते. इकडे सगळं ठीक. मामानला सांग, नौरोजला नक्की येतो, म्हणजे बहुतेक येतो.

तुझाच,
ईरज


यझ्द, १८ आझर

प्रिय मनीजे,
स. वि. वि.

आता हस किंवा रड, तुला जे जमेल ते कर.

ईरजनं मेमरी पाठवली. माझ्या पहिल्या पत्राप्रमाणे, म्हणजे नव्या पाटीची. आणि नवी पाटी मी दुसऱ्या पत्रातलं खोटं खरं करण्यासाठी परत करून बसले आहे. मी काहीच केलं नसतं तर निदान ही मेमरी तरी बसली असती. तिच्या खालच्या कडेला जिथे खाच आहे तिथे माझ्या पाटीवर काही नाही, आणि पाटीवर जिथे उंचवटा आहे तिथे हिला खाच नाही. मी बराच वेळ ती उलटसुलट धरून बघत होते. आपल्याच घरात किल्ली लागेनाशी व्हावी तसं वाटलं.

त्याहून वाईट म्हणजे त्याच्या दुकानदाराला सगळं कळलं होतं. त्यानं सांगितलंही. ईरज त्याला म्हणाला, माझी बहीण जन्मात खोटं बोललेली नाही. ते वाक्य वाचून मी पत्र उशीखाली ठेवलं, नंतर तिथून काढून फडताळात ठेवलं.

खानुम दानिश ईदच्या शुभेच्छा द्यायला आल्या होत्या. मशीन कुठवर आलं विचारलं. मी म्हटलं, झालंच. त्या म्हणाल्या, देव तुमचे हात थकू न देवो. मी म्हटलं, नाही, थकले नाही. मनीजे, मी सकाळी मामानला उठवते, न्हाऊ घालते, भरवते, पाय चोळते, दुपारी ती झोपली की पुस्तिका वाचते, आणि ती पुस्तिका आता मला चुकीच्या पाटीबद्दल सगळं सांगते. ईरज सगळं छान आहे लिहितो, मी सगळं छान आहे लिहिते. शेगडी ठेवलेल्या कुरसीच्या बुटक्या मेजावर पांघरूण टाकलं की खाली निखारे आहेत की राख, वरून कळत नाही.

जुनी मेमरी तेहरानला मिळाली तर बघशील का? पण त्रास घेऊ नको. सहज जमलं तरच.

तूबा


तेहरान, १ दे

तूबा,
सलाम. बाकीचं तुझ्याकडे शिल्लक असेलच, तिथून घे.

काल यल्दाची, वर्षातली सगळ्यात लांब रात्र झाली, डाळिंबं सोलून बोटं काळी झाली आहेत, तेव्हा अक्षर माफ कर.

जुनी मेमरी मी शोधणार नाही. मिळत असली तरी नाही. एक खोटं बसवायला दुसरी पाटी आणलीस, आता ती पाटी बसवायला तिसरं काहीतरी मी आणू? मग डबा, मग वायरी. तुझा कॉम्प्युटर तयार होईल तोवर खानुम दानिशांची नात दुकान चालवत असेल.

भीड भिकेची बहीण, हे तुला ठाऊक आहे. पण आपल्या घरात तिला थोरल्या मावशीसारखा मान आहे, हेही तितकंच खरं. माझ्या रंगाऱ्याला मी दोनदा हाकललं म्हणून सगळे हसतात; भिंत मात्र मला हवी तीच झाली. माणसं एकमेकांच्या भिडेखातर आयुष्यभर वाकडी बसू शकतात गं, पण त्या पट्टीला तुझ्या घराण्याचं काही पडलेलं नाही. खाच जुळली तर बसेल, नाही तर नाही.

शेवटच्या ओळीत काय लिहिलंस बघ. त्रास घेऊ नको, सहज जमलं तरच. म्हणजे तू सुधारलेली नाहीस.

आणि एक विचारू? खानुम दानिशांना थकले नाही म्हणालीस. मला लिहिताना दिवसभराची कामं मोजलीस, पण थकले हा शब्द तिथेही नाही. ईरजला लिही. दोन्ही गोष्टी लिही. नाही लिहिलंस तर मी लिहीन, आणि माझी भाषा तुला माहीत आहे.

मावशीला कडक मिठी. खुबा सांभाळून.

मनीजे


यझ्द, ९ दे

चि. ईरज यास,
अ. आ.

हे पत्र मी चार वेळा लिहिलं आणि फाडलं, कारण दर वेळी शेवटी येऊन ते गोड होत होतं. या वेळी तसंच पाठवते आहे.

प्रोसेसर बसला नव्हता. मी खोटं लिहिलं. हाजी दर्याईंचं बरोबर होतं, त्यांची माझ्या वतीनं माफी माग. तुझी भेट नाकारल्यासारखं होऊ नये म्हणून मी इकडे पाटीच बदलली, आणि त्यामुळे तू पाठवलेली मेमरी आता बसत नाही. तू दोन्ही वेळा माझ्या शब्दावर चाललास. माझा शब्दच दोन्ही वेळा वेगळा होता.

आता काय हवं ते लिहिते. नवी पाटी अजून दुकानात आहे, मी ती परत आणते आहे. दुकानदार कुरकुरला, मीही कुरकुरले. तुझी मेमरी तिच्यावर बसेल, ती उत्तम आहे. मोठा प्रोसेसर मुराद आगांबरोबर परत पाठवते आहे. हाजी बदलून देतील तर लहान घे. त्या कपाटातला चिमुकलाच हवा. डबा घेताना त्याच्या वीजपुरवठ्याला चार भोकांचा एक छोटा चौकोनी जोड आहे का ते बघ. नसेल तर डबा घेऊ नको, कितीही दिवे असले तरी. बहमनच्या मध्यापर्यंत हे माझ्या हातात नसेल तर काम दुसरीकडे जाईल. कुठलाही चालणार नाही, ईरज.

आणि दुसरी गोष्ट. मी थकले आहे. मामानवर रागावले म्हणून नव्हे. ती रात्री हाक मारते तेव्हा मी उठते, पण हल्ली उठायच्या आधी काही क्षण डोळे मिटून पडून राहते आणि दुसरं कुणी उठेल का याची वाट बघते. दुसरं कुणी नाही हे मला माहीत असतं. त्या क्षणांची मला भीती वाटते. मला वाटतं तू तिला दोन महिने तुझ्याकडे न्यावंस. हे मी सुचवत नाही, मागते आहे.

वाचून राग आला तर राग लिही. छान आहे असं लिहू नको.

तूबा


बंदर अब्बास, २४ दे

ती. आबजीस,
सलाम.

पत्र वाचून दोन दिवस मी ताटावरून अर्धवट उठत होतो. पूराननं विचारलं, यझ्दला कुणी वारलं का? मी तिला पत्र दिलं. तिनं वाचलं आणि म्हणाली, शेवटी या घरातल्या कुणीतरी एक तरी वाक्य सरळ लिहिलं. मला राग आला. तुझा, तिचा, सगळ्यात जास्त हाजींचा. त्यांना जाऊन म्हटलं, तुम्हाला माहीत होतं तर जोर करून का नाही सांगितलंत? ते म्हणाले, साहेब, तुम्ही बहिणीची शपथ घालायचंच बाकी ठेवलं होतं, मी पाटीची बाजू घेऊन कुठे जाऊ? मग आम्ही दोघंही हसलो. त्यांनी प्रोसेसर बदलून दिला. चिमुकला. नखाएवढा नाही, पण माझ्या बढाईपेक्षा पुष्कळ लहान.

खरं सांगू, मलाही तेव्हाच शंका आली होती. तुझं खोटं मला सोयीचं होतं. बसलं म्हटलं की माझं काम संपलं.

आता तुझी दुसरी गोष्ट. मामानला मी नेऊ शकत नाही. नाही. हे लिहायला मला फार वेळ लागला. पूरानचे वडील उन्हाळ्यापासून आमच्या दिवाणखान्यात अंथरुणावर आहेत. त्यांना उचलून बसवावं लागतं. तुला सांगितलं नाही, कारण तू म्हणाली असतीस की मग पैसे पाठवू नको. सगळं छान आहे असं मी जे लिहीत होतो ते हे. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि जिना अरुंद आहे, मामान एकदा वर आली तर खाली कधी येणार? माझ्या घरात जागा नाही असं बहिणीला लिहिणारा भाऊ व्हायचं नव्हतं मला.

जमेल ते सांगतो. बहमनच्या दहा तारखेला मी निघतो. डबा, प्रोसेसर, सगळं मांडीवर घेऊन येतो. चौकोनी जोड मी स्वतः बोट लावून पाहिलाय. दोन आठवडे राहीन. त्या काळात रात्री मामाननं हाक मारली की मी उठेन, तू उठायचं नाही. बदरी खानुमना रोज सकाळी येण्याबद्दल मी स्वतः विचारेन, आणि त्यांना भीड न घालता मेहनताना ठरवेन. नौरोजनंतर दर दोन महिन्यांनी आठवडाभर येईन. याहून जास्त होणार नाही. याहून कमीही होणार नाही.

तुला पुरेल का, ते सरळ लिही.

ईरज


यझ्द, ११ इस्फंद

चि. ईरज जान यास,
अ. आ. थकवा न येवो.

तू गेल्यापासून घर मोठं झालं आहे. मामान रोज विचारते, उचलून बसवणारा कुठे गेला? मी उचलते तेव्हा म्हणते, त्याचे हात गरम होते.

मशीन चालतं आहे. तुझ्यासमोर पहिल्यांदा सुरू करताना ते एकदा पीं करून ओरडलं आणि मामान म्हणाली होती, रडलं ना, म्हणजे जिवंत आहे. ते ती आता येणाऱ्या प्रत्येकाला सांगते, आणि बाळंतपण तिनंच केलं अशा थाटात सांगते. गालिच्यावरून चालून आल्यावर अंगातली वीज उतरावी म्हणून आधी नळाला हात लावायचा, मग डब्याला, हा तू घालून दिलेला नियमही तिनं उचलला आहे. बदरी नुसती दारातून आत आली तरी तिला नळाकडे पाठवते.

मशीन जुळवण्यात दिवस गेले आणि खानुम दानिशांकडे मी उशिरा पोचले. निम्म्या कामातलं निम्मं त्यांनी आधीच दुसरीला दिलं होतं. वाईट वाटलं, आणि तसं त्यांना सांगितलं. त्या गोंधळल्या, मला वाटतं, मी असं काही म्हणेन याची त्यांना सवय नव्हती. मग म्हणाल्या, पुढच्या खेपेला तुमचा वाटा तुमच्यासाठी ठेवीन. ठेवतील की नाही ते पुढच्या खेपेला कळेल. सध्या पिस्त्यावरच्या किडीचा एक प्रबंध टाइप करते आहे. ती कीड पानाला चिकटून गोड रस सोडते आणि झाड हळूहळू वाळत जातं. वाचताना मला आपलं घराणं आठवलं. हे मनीजेला कळवू नको, मिरवेल.

बदरी सकाळी येते. तेवढ्या वेळात मी दार लावून काम करते. पहिल्या दिवशी दार लावताना अपराधी वाटलं, दुसऱ्या दिवशी कमी वाटलं. आज लावताना काय वाटलं ते बघायचं राहून गेलं.

तू विचारलं होतंस, पुरेल का, आणि मी अजून उत्तर दिलेलं नाही. तू समोर असताना तोंडातून निघेना. पुरत नाही, ईरज. पण कुठे कमी पडतं ते आता तुला आणि मला दोघांना माहीत आहे, आणि रात्री मी डोळे मिटून कुणी उठेल का याची वाट बघत पडत नाही. हाक आली की उठते. थकलेलीच असते, पण उठते.

पूरानच्या वडिलांना माझे सलाम, त्यांच्या पाठीला तेल लावताना कोमट करून लावा. हे पत्र मशीनवर टाइप केलं आहे, सही हातानं करते, म्हणजे कुणी लिहिलं याबद्दल शंका नको.

जाताना ठेवून गेलास तो खजूर फार मऊ होता. मामानच्या दाताला चिकटतो, मलाही आवडला नाही. येताना कोरडा आण.

तुझी,
तूबा